नवाचा ताळा

॥ श्रीराम ॥

डोंबिवली,
मंगळवार, ता. १५ मार्च १९५५

चि. सौ. मंदाकिनीस,

आक्काचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल असं धरून चालते. कागद बघून नाक मुरडू नकोस. फेब्रुवारीचं कॅलेंडर आहे, पाठ कोरी होती, फेकवेना. मधूची परीक्षा तोंडावर आली आहे. तो पुस्तकावर डोकं ठेवून झोपतो आणि त्याला अभ्यास म्हणतो. ह्यांचा खोकला उतरला. विहिरीचं पाणी गढूळ येतं, तुरटी फिरवून घेते. श्रीपादरावांच्या कोर्टातल्या बढतीचं पुढे काय झालं?

महाशिवरात्रीला मी ठाण्याला देवळात येऊन गेले. गर्दी फार होती आणि परतायची घाई होती, म्हणून तुझ्याकडे चढले नाही. कोणी सांगितलं असेल तर मनात ठेवू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझ्या जपाचा आकडा मिळाला, आणि तो मला मान्य नाही.

तुला नव्याने सांगायला नको, पण एकदा लिहून काढते म्हणजे माझंच डोकं निवेल. आमच्या मंडळाने रामनामाच्या तेरा कोटींचा संकल्प सोडला त्याला आता सहावं वर्ष. डोंबिवली, कल्याण, ठाणे मिळून साठ-सत्तर बायका. जिने तिने आपल्या माळा मोजायच्या, एकशेआठने गुणायच्या आणि नामांचा आकडा मला कळवायचा. मी मॅट्रिक, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात. कितीक ठिकाणी माळेचे शंभरच धरतात आणि वरचे आठ चुकल्यामाकल्यापोटी देवाला सोडून देतात. आपल्या देवळातल्या अण्णांचंही तेच म्हणणं होतं. मीच अडून बसले. केलेली नामं टाकून द्यायची म्हणजे जेवून उठताना पानात शितं ठेवण्यासारखं. अण्णा हसले आणि म्हणाले, "बरं वहिनी, तुमचे आठ तुमच्या पदरात."

आता एकशेआठने गुणलेली कुठलीही संख्या घे. लहान घे, मोठी घे. तिच्या अंकांची बेरीज कर, त्या बेरजेतल्या अंकांची पुन्हा बेरीज कर, शेवटी हातात नऊच राहतो. आबांनी आपल्या दोघींना बोटांवर शिकवलेला नवाचा ताळा. तू माझ्याआधी शिकलीस आणि मला वेडावून दाखवायचीस, ते आठवत असेल. आलेला प्रत्येक आकडा मी तसा पडताळते. सुमेधावहिनींचा नऊ. कल्याणच्या बायकांचे सगळे नऊ. ज्यांना धड सही येत नाही त्यांच्या माळा मी गुणते, त्यांचेही नऊ.

तुझा आकडा १,९१,७८६. एक नि नऊ दहा, एक अकरा, सात अठरा, आठ सव्वीस, सहा बत्तीस. तीन नि दोन पाच.

पाच, मंदा. नवाच्या जागी पाच.

मी आधी तुझी बाजू घेतली. म्हटलं, उतरवताना दोन अंक इकडचे तिकडे झाले असतील. पण अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, म्हणजे ते नव्हे. मग एखादा अंक साफ चुकला असेल, किंवा आकडा मोजलेलाच नसेल. मोजलेल्या माळांवर नवाची खूण राहते. मनाने टाकलेल्या आकड्यावर कुठून राहणार? तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. आकडा म्हणतो.

रविवारी देवळात सगळ्यांसमोर मी तो गाळला. सुमेधावहिनी म्हणाल्या, "अहो, सख्ख्या बहिणीचा आहे, धरा की."

मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीचा आहे म्हणून तर धरणार नाही."

"देव काय पाटी घेऊन बसलाय?"

"देव नाही, मी बसलेय."

आता रामनवमीला संकल्प पुरा व्हायचा तर तुझे पावणेदोन लाखांवरचे इतर बायकांनी भरून काढायचे. त्या माझ्या नावाने बोटं मोडत दुप्पट माळा ओढताहेत. एक जण तर मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "घरातली बेरीज जमली नाही, इथे लोकांचे ताळे बघते." मी चपला शोधत राहिले.

गेल्या वैशाखात जे झालं त्याचं नाव मी या पत्रात काढणार नाही, तूही काढू नकोस. ते ती तुझ्या छपराखाली राहत असताना झालं. तुझा दोष किती नि माझा किती, ती विभागणी मी करत बसत नाही. पण त्याचा राग रामनामावर नको. जप होत नसेल तर होत नाही म्हण, त्यात कमीपणा नाही.

उत्तर आकड्यापुरतंच पाठव. श्रीपादरावांस नमस्कार.

आक्का


॥ श्रीराम ॥

डोंबिवली,
शुक्रवार, ता. २५ मार्च १९५५

चि. सौ. मंदास, आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. "आकडा बरोबर आहे. धरायचा तर धर." एवढंच. बाकी सगळं कार्ड कोरं. जागेचं तरी वाईट वाटतं का गं तुला?

मी चिडले, ते लपवत नाही. त्या दुपारी आमटीत मीठ दोनदा पडलं. हे ताक घालून जेवले. मग मी मधूची पाटी घेऊन बसले आणि तुझा आकडा वर मोठा लिहिला. पुसला, पुन्हा लिहिला. ह्यांनी विचारलं, "काय जमत नाहीये?"

"ठाण्याचा आकडा."

"ठाण्याचं काही जमायचं नाही," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र वर धरलं.

तेवढ्यात सुमेधावहिनी आल्या, तोंड एवढंसं करून. माळ तुटली म्हणून त्यांनी नव्याने ओवायला घेतली, तर मणी एकशेसातच भरले. किती वर्षं तशी ओढत होत्या कोण जाणे. "माझे आकडे पण गाळणार का हो?" रडायच्या बेतात होत्या. मला हसू आलं. म्हटलं, तुम्ही गुणलंत एकशेआठनेच, तुमचा ताळा चोख आहे, एका मण्याचं देव बघून घेईल. त्या खुशीत गेल्या आणि मी तिथेच बसून राहिले.

माळेत मणी कमी असू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग भागायला लागले. तुझ्या आकड्याला एकशेसातने भागलं, बाकी बेचाळीस. एकशेसहाने, बत्तीस. एकशेपाचने छप्पन्न. एकशेचारने दहा. पाटी हातानेच पुसत होते, बोटं पांढरी झाली होती, आणि काय वेडेपणा चालवलाय असं वाटून ठेवून द्यायच्या बेतात होते. एकशेतीनने भागलं आणि खाली शून्य आलं. एक हजार आठशे बासष्ट माळा, एक नाम कमी नाही की जास्त नाही.

म्हटलं, योगायोग असेल. शंभरातून एखादी संख्या भागली जायचीच. तुझा दसऱ्याचा आकडा काढला. वैशाखापासून दिवाळीपर्यंत मी देवळाची पायरी चढले नव्हते, तेव्हा सुमेधावहिनींनी हिशेब सांभाळला होता आणि त्यांना ताळा येत नाही. १,८४,३७०. एकशेआठने जात नाही. एकशेतीनने गेला, खाली शून्य. त्याच्या मागचा, गेल्या रामनवमीचा, १,९८,२८८. हा एकशेआठने सरळ गेला, अंकांचा ताळाही नऊ.

म्हणजे गेल्या रामनवमीपर्यंत तुझी माळ एकशेआठ मण्यांची होती आणि दसऱ्याच्या आत ती एकशेतीनची झाली. मध्ये वैशाख येतो.

मी पाटी उलटी ठेवली आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते.

सुमेधावहिनींना आपला मणी कमी आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी एकशेआठने गुणलं. आपण सगळ्याच तशा, माळ कोण मोजतं? तू एकशेतीनने गुणलंस. म्हणजे तुझे पाच मणी हरवलेले नाहीत. ते कुठे आहेत ते तुला माहीत आहे.

मलाही माहीत आहे. तेच मागच्या पत्रात लिहिलं नाही.

महाशिवरात्रीला गर्दी होती, पण ती काही इतकी नव्हती. दर्शनाच्या रांगेत हेमा माझ्या पुढे होती. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. बरोबर तिची सासू होती, आवडाबाई. अंगाला मासळीचा वास येईल म्हणून मी आधीच पदर नाकाला लावला. वास कसलाच आला नाही, मोगऱ्याचा आला. हेमाच्या गळ्यात मंगळसूत्राच्या वर काळ्या दोऱ्यात तुळशीचे मणी होते. मी मोजले. सवय माझी. पाच. खाडीवरची पुष्कळ माणसं माळकरी असतात, म्हटलं त्यांच्यातली रीत असेल. पण मधला मणी एका अंगाने काळा होता. आईच्या माळेचा एक मणी निरांजनावर करपला होता आणि आई जप करताना त्याच्यावर बोट जरा जास्त थांबवायची, ते तू आणि मी दोघींनी पाहिलं आहे. आईची माळ तुझ्याकडे. मी तो मणी बघितला आणि बघितलाच नाही असं केलं. महिनाभर तसंच चालवलं. तुझा आकडा गाळला तेव्हासुद्धा.

ती मागे वळली आणि "आई" म्हणाली. मी समोर पिंडीकडे बघत राहिले. आवडाबाई तिला हळूच म्हणाल्या, "तुजी आयस नं गो ती?" मग मला वाट करून दिली. "जाव द्या बायला फुडं, घाई हाय तिला." मी गेले पुढे. खरंच घाई असल्यासारखी गेले.

आता तुझ्यावरचा राग. तो आहे, आणि हे पत्र पाठवल्यावरही राहणार आहे. पोर तुझ्याकडे शिकायला ठेवली होती. खाडीकाठच्या मुलाशी तिचं जमतंय हे तुला कळलं तेव्हा तू मला कळवलं नाहीस. मग रजिस्ट्रारच्या कचेरीत तू गेली होतीस हेही कळवलं नाहीस. आमच्याकडे ह्यांनी तिचं नाव काढायचं नाही असं ठरवलं, मी मान डोलावली, आणि मला वाटलं सगळ्या माहेराने डोलावली. तू तिथे उभी होतीस. पाच सवाष्णी मिळाल्या नाहीत म्हणून पाच मणी घातलेस का गं तिच्या गळ्यात? की आईचं काही तरी अंगावर असावं म्हणून? आणि आईची माळ अशी अपुरी करून घेताना हात कापला नाही तुझा?

आणि एवढं सगळं करून वर एकशेतीनने गुणलंस. एकशेआठने गुणलं असतंस तर मला जन्मात कळलं नसतं. तुला ताळा येतो. नवाच्या जागी पाच येणार हे तुला कार्ड टाकायच्या आधी ठाऊक होतं, आणि मी पडताळल्याशिवाय राहणार नाही हेही. दसऱ्याचा आकडा पाठवून तू माझ्या पत्राची वाट बघितली असशील. तो माझ्या हातातच आला नाही. मग सहा महिने जप करून पुन्हा पाठवलास.

सरळ लिहायला काय झालं होतं, असं मी चारदा मनात म्हटलं. पाचव्यांदा म्हटलं नाही. सरळ लिहिलं असतंस तर मी पत्र न वाचता चुलीत घातलं असतं. आकडा मी जाळत नाही, हे तुला बरोबर माहीत.

ह्यांना मी मुद्दाम काही सांगितलं नाही. रात्री पाटी चुलीशेजारी तशीच राहिली होती. सकाळी बघते तर माझ्या भागाकाराखाली ह्यांच्या अक्षरात तोच भागाकार, एकशेतीनचा, आणि शून्याखाली दोन रेघा. हे ऑफिसात हिशेब बंद करताना मारतात तशा. दातात काडी घेऊन अंगणात उभे होते. मी चहा दिला. म्हणाले, "पाच आहेत ना तिच्याकडे?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "साखर कमी आहे." साखर कमी नव्हती.

काल देवळात गेले आणि सगळ्यांसमोर तुझा आकडा परत धरला. म्हटलं, चूक माझी, बहिणीची माळ एकशेतीनची आहे आणि तिने ती मोजून गुणली आहे. कारण कोणी विचारलं नाही. ती चपलांच्या वेळी बोललेली बाई माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघितलं. मग सुमेधावहिनी म्हणाल्या, "म्हणजे आता दुप्पट माळा नकोत ना?" आणि सगळ्या हसल्या.

पण माझं नशीब बघ, तरी हिशेब मिटेना. शेवटच्या माळा वाटून द्यायला बसले तेव्हा सहा वर्षांत जे बघितलं नव्हतं ते बघितलं. तेरा कोटी. एक नि तीन चार. पुढे हवी तितकी शून्यं ठेव, बेरीज चारच राहणार. ज्या संख्येवर आम्ही सहा वर्षं एकशेआठच्या माळा ओढल्या ती एकशेआठने भागलीच जात नाही. नुसत्या पुऱ्या माळांनी तेरा कोटी कधीच होत नाहीत. सगळ्याच जणी, तू पूर्वी होतीस तशा, पुऱ्या माळेवाल्या असत्या तर शेवटी शहात्तर नामं सुटी उरली असती. तुझ्या एकशेतीनच्या माळांमुळे चौऱ्याऐंशी उरतात. मला तिथेच पाटी आपटावीशी वाटली. एवढी टापटीप ठेवली ती कशासाठी?

अण्णांना आनंद झाला. "शंभर धरले असते तर तेरा लाख माळा, अगदी सरळ. तुमच्या त्या आठांनी घोळ घातला, वहिनी. आता ही मोडकी माळ तुमच्याच घराने पुरी करायची. जन्माच्या आधी, सगळ्यांदेखत."

मी विचारलं, "घर म्हणजे कोण कोण?"

"ते तुम्ही मोजा," म्हणाले, आणि समईत तेल घालायला उठले.

तर मोजलं आहे. शुक्रवारी रामनवमी. जन्म बाराला, तुम्ही दहाच्या आत या. हेमाने आपल्या पाच मण्यांवर सोळा फेऱ्या घ्यायच्या, म्हणजे ऐंशी. तिच्या आवाजात घ्यायच्या, पुटपुटत नाही. ती लहानपणी आरतीला किती मोठ्याने म्हणायची, आणि मीच तिला दटावायची. उरतात चार. एक तुझा, एक माझा. एक ह्यांचा, ते मी बघते. चौथा जावयाचा.

त्याला मंत्र येत असेलच. नसला तर रांगेत उभा असताना तू शिकव, 'श्रीराम जय राम जय जय राम', तेरा अक्षरं आहेत, काही जड नाहीत.

मणी माळेत परत ओवू नकोस. तू पुढेही एकशेतीननेच गुण. मी ताळा बघेन, पण तुझ्या आकड्याला नऊ मागणार नाही.

येताना कापड, मिठाई असलं काही उचलून आणू नका, उगाच खर्च. सुंठवडा मी करते आहे, पोटभर पुरेल. ती आली की मी काय बोलेन ते मला माहीत नाही. बहुतेक पदर नीट घे असलं काहीतरी बोलेन. तिला आधीच सांगून ठेव, म्हणजे वाईट वाटून घेणार नाही.

मार्चचं पान अजून भिंतीवरच असायला हवं होतं. आज हे लिहिण्यासाठी आठवडाभर आधीच फाडलं.

श्रीपादरावांस नमस्कार. आवडाबाईंस माझा नमस्कार. त्या येत असतील तर त्यांनाही घेऊन ये. या वेळी वाट मी देईन.

चि. सौ. हेमा व चि. विश्राम यांस आशीर्वाद.

तुझी
आक्का